नऊ नंबरच्या गाडीतली फुस्स

माझा मुलगा जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात आला. इतर नातेवाईक येत होते आणि बाळाचं नाक कोणावर गेलंय यावरून वाद घालून जात होते. मामाने तसलं काही केलं नाही. पाळणा भिंतीला टेकलेला होता, तो त्याने आधी पुढे ओढला, कारण चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे. मग बाळाभोवती एक पूर्ण फेरी मारली. खिशातून टॉर्च काढून लांबूनच एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे उजेड दाखवला. बाळाने डोळे मिचकावले.

"दोन्ही दिवे चालू," मामा म्हणाला.

मग हात मोजले, पाय मोजले, बोटं मोजली, आणि मध्येच आकडा विसरला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली. बाळाने भोकाड पसरलं.

"हॉर्न उत्तम."

शेवटी त्याने दुपट्याखाली हात घातला, बाहेर काढून क्षणभर निरखला आणि शांतपणे रुमालाला पुसला. "मागून गळती आहे. पण नव्या गाडीला एवढं चालायचंच."

ताप बघायला आलेली नर्स हे सगळं दारात उभी राहून बघत होती. "हे कोण?" तिने मला हळूच विचारलं.

"माझे मामा. ट्रक तपासतात."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मामा खरंच ट्रक तपासायचा. आमच्या मालवाहतुकीच्या डेपोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या कागदावर त्याची सही लागायची, आणि सही मिळवायची तर ट्रकला त्रेसष्ट गोष्टींत पास व्हावं लागायचं. मी त्याच डेपोत, फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसून गाड्या सोडण्याचे पास लिहायचे. त्यामुळे दिवसभर खिडकीतून मला मामा दिसायचा. म्हणजे बहुतेक वेळा मामाचे पाय दिसायचे. उरलेला मामा ट्रकखाली असायचा. घरी मी त्याला 'अरे मामा' म्हणायचे, डेपोत 'अहो मामा'. एकदा सगळ्यांदेखत चुकून 'अरे' निघून गेलं, तर ट्रकखालून आवाज आला, "कामाच्या जागी नाती आणू नयेत, सोन्या."

डेपोत त्याला सगळे 'टकटक' म्हणायचे, कारण त्याच्या हातात कायम एक लांब दांड्याची हातोडी असे. ट्रकच्या मागच्या चाकांना टायर जोडीने असतात. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरच्याच्या जिवावर तो गुबगुबीत दिसत राहतो. हातोडीने ठोकलं की मात्र बिंग फुटतं. भरलेला टायर 'टण्ण' करतो, रिकामा 'बद्द' करतो. ही सवय मामाच्या हाडीमाशी इतकी खिळली होती की तो खुर्चीवरही आधी ठोकून, मग हलवून, मग वाकून चारही पाय बघूनच बसायचा. लिफ्टमध्ये शिरला की दार दोनदा उघडून मिटवायचा, भिंतीला कान लावायचा, समाधान झाल्यासारखी मान डोलवायचा आणि जिन्याने जायचा.

पण हातोडी म्हणजे नुसतं तोंडी लावणं. मामाचा खरा जीव होता हवेच्या ब्रेकमध्ये. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू झालं की टाक्यांत हवा भरत जाते आणि समोरचा काटा चढतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ती हवा नळ्यांतून धावत जाते आणि चाकं धरून ठेवते. नळी गळकी असेल तर धरत नाही. "एवढंच शास्त्र आहे," असं मामा म्हणायचा आणि त्या एवढ्याशा शास्त्रावर पाऊण तास बोलायचा.

तपासणी अशी चाले. आधी चाकांना लाकडी ठोकळे. मग टाक्यांत साठलेलं पाणी सोडायचं. मग हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करायचं, आणि मामा खालून ओरडायचा, "दाब! पूर्ण दाब! आता धरून ठेव. एक मिनिट!"

त्या एका मिनिटात अख्ख्या आवारात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पाळावी लागे. हमाल पोती खांद्यावरच धरून थबकत. मिस्त्री पाना हातात घेऊन पुतळा होई. मला टेबलावर कागद उलटायचीही बंदी होती. त्या शांततेत मामा हवेची गळती ऐकायचा. एकदा बाहेरगावचे एक गृहस्थ चौकशीला आले ते नेमके या मिनिटात. सगळे स्तब्ध उभे बघून त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली. मिनिट संपल्यावर खिडकीशी येऊन दबल्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं?"

"अजून तरी कोणी नाही," मी म्हणाले. "म्हणूनच तर तपासतात."

मिनिट संपलं की उलटा खेळ. ब्रेक दाब-सोड, दाब-सोड करून हवा मुद्दाम उतरवायची. काटा खाली आला की धोक्याचा बझर कोकललाच पाहिजे, आणि त्याहून उतरला की पार्किंग ब्रेकची मूठ आपोआप टक्कन बाहेर उडून चाकं जागच्या जागी जखडली पाहिजेत. ती मूठ उडाली की मामा इतका खूश व्हायचा की शेजारी जो असेल त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. ड्रायव्हर लोक त्या वेळेला जरा लांबच उभे राहत.

मामा जन्मापासून असा नव्हता बरं का. चोविसाव्या वर्षी तो स्वतः ट्रक चालवायचा, आणि ट्रक चालू झाला म्हणजे तपासणी झाली असं त्याचं स्वच्छ मत होतं. त्याचा ट्रक जुनाट होता. हँडब्रेकचा दांडा इतका ढिला की मामा त्यावर फक्त पंचा वाळत घालायचा. चढ-उतारावर थांबायचं झालं की तो सीट आणि ब्रेकचं पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवायचा. पेडल दाबलेलं राहिलं, गाडी उभी राहिली, मामा मोकळा. नळीतून हवा हळूहळू गळतेय, आणि हवाच संपली तर पेडल दाबून काही उपयोग नाही, हे काठीला ठाऊक नव्हतं आणि मामालाही.

एका उताराच्या माथ्यावर तो चहाला थांबला. अर्धा कप झाला असेल. समोरून एक ट्रक संथपणे खाली निघाला. मामा चहावाल्याला म्हणाला, "काय एकेक लोक असतात बघा. इतका खाली बसून चालवतोय की डोकंसुद्धा दिसत नाही."

मग त्याला ट्रकच्या मागचा नंबर दिसला.

मामा कप टाकून धावला. ट्रक काही जोरात नव्हता, जेवण करून शतपावलीला निघाल्यासारखा चालला होता. मामाने त्याला गाठलंसुद्धा. पण दाराला, सुरक्षितता म्हणून, त्याने स्वतःच कुलूप लावलेलं होतं. किल्ली खिशात होती, खिसा सदऱ्याला होता आणि सदरा उकडतंय म्हणून चहाच्या टपरीत खुंटीला होता. तेव्हा मामा बनियनवर ट्रकच्या बाजूने धावत नुसताच "थांब! अरे थांब!" असं ट्रकला सांगत राहिला.

उताराच्या तळाशी एक लाँड्री होती. तिच्या मोकळ्या आवारात दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी दोऱ्यांवर वाळत होत्या. ट्रक एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने दोऱ्यांसकट, चादरी पांघरून बाहेर आला. पलीकडे कुणाच्या तरी बांधकामाचा वाळूचा ढीग होता. त्यात त्याने नाक खुपसलं आणि तो थांबला.

लाँड्रीतून एक तरुण मुलगी बाहेर आली. हातात गरम इस्त्री तशीच.

"हा ट्रक कोणाचा?"

"माझा," मामा धापा टाकत म्हणाला.

"चालवत कोण होतं?"

"कोणीच नाही."

"तरी बराच सरळ आला म्हणायचा," ती म्हणाली.

मामा इथवरचं सगळं हसत हसत सांगतो. वाळूच्या ढिगापलीकडे दहा पावलांवर एक बाक होता. त्यावर दोन म्हातारे पाठमोरे बसून पटावर सोंगट्या हलवत होते. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही. मामाला मात्र कळलं, आणि तो तिथेच वाळूत बसला, तेव्हा त्या इस्त्रीवाल्या मुलीनेच त्याला स्टूल आणून दिलं. पाणी दिलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर मळलेल्या एकशे बारा चादरी दिल्या.

त्या धुवायला मामाला नऊ दिवस लागले. रोज माल पोचवून संध्याकाळी तो लाँड्रीत हजर. दहाव्या दिवशी एकही चादर उरली नव्हती, तरी आला. अकराव्या दिवशीही आला. बाराव्या दिवशी तिने विचारलं, "आता काय धुवायचंय?" मामाने लग्नाचं विचारून टाकलं.

"आधी तुझ्या गाडीला ब्रेक आहेत का बघून ये. मग बोलू."

दुसरा कोणी असता तर लाजून हसला असता. मामा खरंच जाऊन ट्रकखाली शिरला. दोन तासांनी डोक्यापासून पायापर्यंत काळाकुट्ट होऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाहीत. पण परवापर्यंत होतील."

ती माझी मामी. आजही ती मामाला घरात घेताना आधी अंगणात उभं करून चोहोबाजूंनी बघते.

तर अशा या मामाच्या राज्यात, त्याच्या एकसष्टाव्या वर्षी, डेपोला नवे व्यवस्थापक आले. उंच, टापटीप, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच. पहिल्याच दिवशी त्यांनी मी एक पास लिहायला किती वेळ लावते ते मोजलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचा चहा मोजला. तिसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर मंडळींनी त्यांचं नाव 'मिनिटसाहेब' ठेवलं. त्यांची एक गंमत होती. एक भली मोठी चामड्याची बॅग ते क्षणभरही खाली ठेवत नसत. खुर्चीवर बसायचं झालं की आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढत, दार लावून घेत, आणि मग आतून "या" म्हणत. बॅगेत कंपनीची गुपितं आहेत असं मिस्त्री म्हणायचा.

चौथ्या दिवशी त्यांनी मामाला बोलावलं. मीही तिथेच होते.

"एका गाडीला तुम्हाला बत्तीस मिनिटं लागतात," मिनिटसाहेब म्हणाले.

"कधी कधी पस्तीस," मामा नम्रपणे म्हणाला.

"मला दहा हवीत."

"चालेल की. दहा मिनिटांत मी पुढची अर्धी गाडी तपासतो. तेवढी पाठवा. मागची अर्धी उद्या पाठवू."

साहेबांना विनोद कळायचा, पण आवडायचा नाही. "प्रत्येक वेळी गाडीखाली झोपायचं कशाला? वरून दिसतं तेवढं बघा. काटा बघा, सही करा, विषय संपला. उद्या सकाळी मी स्वतः घड्याळ घेऊन येतो. कुठे वेळ जातो ते बघतोच."

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी होती नऊ नंबरची. घाट उतरून पलीकडच्या शहरात एक मोठं हॉटेल उघडणार होतं आणि त्याच्यासाठी एकशे वीस कमोड भरलेले होते. ड्रायव्हर होता पहिलवान. हे अर्थातच टोपणनाव. माणूस इतका काडीसारखा की ताडपत्री बांधताना वाऱ्याच्या दिवशी आम्ही आधी त्याला बांधायचो. त्या दिवशी तोही घाईत होता. "मामा, आज जरा भरभर घ्या हो," असं दोनदा म्हणूनही झालं होतं.

दिवे, आरसे, वायपर, टायर झाले. "सहा मिनिटं," साहेब म्हणाले. हवा भरली, इंजिन बंद झालं. तेवढ्यात साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पहिलवानाला खाली उतरवलं. "ब्रेक मी दाबतो. म्हणजे एक मिनिट म्हणजे नक्की एक मिनिटच होईल." बॅग घेऊन ते केबिनच्या पायऱ्या चढले. वर उभे राहून म्हणाले, "जरा तिकडे बघा सगळे." आम्ही तिकडे बघितलं. तिकडे भिंत होती. "हं, आता इकडे," ते म्हणाले, आणि बघतो तर साहेब सीटवर विराजमान, स्टॉपवॉच हातात.

"दाबा!" मामा ओरडला. "पूर्ण दाबा!"

साहेबांनी सगळं अंग रेटून ब्रेक दाबला. आवार स्तब्ध झालं. आणि त्या शांततेत अगदी बारीक, पण स्पष्ट ऐकू आलं.

फुस्सस्स...

मामाच्या भुवया वर गेल्या. "काटा किती उतरला?"

"जागचा हललेला नाही," साहेब म्हणाले.

"सोडा."

साहेबांनी ब्रेक सोडला. आवाज बंद.

"दाबा."

फुस्सस्स...

"काटा हलत नाही म्हणजे गळती नाही," साहेब वरून म्हणाले. "सही करा."

"काटा खोटं बोलत असेल. कान बोलत नाहीत," मामा म्हणाला आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन ट्रकखाली दिसेनासा झाला. गळतीवर साबणाचं पाणी लावलं की फुगा येतो, म्हणून ती बाटली. एकेक सांधा, एकेक नळी, एकेक टाकी. खालून आज्ञा येत होत्या. दाबा, सोडा, दाबा, सोडा. साहेब दाबत होते, सोडत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मध्येच खाली बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मग खडूने काहीतरी खरडल्यासारखं ऐकू आलं. पंचवीस मिनिटांनी मामा बाहेर आला. चेहरा गंभीर.

"खाली कुठेच फुगा नाही. फुस्स वर आहे."

एका वेळी एकच गोष्ट संपवायची ही मामाची पद्धत. तो केबिनच्या पायरीवर चढला, आत डोकं घातलं आणि डोळे मिटले. "दाबा, साहेब."

फुस्सस्स...

मामाचा कान आवाजाच्या मागे निघाला. आधी पेडलपाशी गेला. तिथून गिअरच्या दांड्याकडे. तिथून हळूहळू वर, साहेबांच्या गुडघ्याजवळ. गुडघ्यावरून आणखी थोडा पलीकडे. तिथे जाऊन कान थांबला. मामाने डोळे उघडले. त्याच्या आणि साहेबांच्या नजरेत फार तर वीतभर अंतर असेल.

"साहेब, जरा उठता का?"

"नाही."

"उठावं लागेल."

"मी तुमचा वरिष्ठ आहे."

"पण गळती तुमच्याखाली आहे."

मी, पहिलवान आणि मिस्त्री दाराशी एकावर एक चढून बघत होतो. साहेब कानापर्यंत लाल झाले. मग अगदी हळू, एका बाजूने उठले. सीटवर एक निळी, गोल, मध्ये भोक असलेली रबरी गादी होती, हवा भरलेली, लहान मुलं पोहायला घेतात तसल्या चाकासारखी. बॅगेतलं गुपित ते हेच. साहेबांना मूळव्याध होती आणि या गादीशिवाय त्यांना बसताच येत नसे.

दुसऱ्या कोणी तिथे हसून घेतलं असतं. मामाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने गादीच्या तोटीवर साबणाचं पाणी सोडलं, तळहाताने गादी दाबली. टपोरा, चकचकीत फुगा आला.

"सापडली," तो म्हणाला, आणि सवयीप्रमाणे गळतीभोवती खडूने गोल काढला.

पहिलवान ट्रकमागे पळाला. तिथून उंदीर चिरडल्यासारखे आवाज येऊ लागले. मिस्त्री जमिनीवर बसला. मी ओठ चावून आभाळाकडे बघत होते, पण आभाळही फार मदत करत नव्हतं.

साहेब खाली उतरले आणि त्यांचा स्फोट झाला. "म्हणजे गाडी ठीक होती! सबंध गाडी ठीक होती! चाळीस मिनिटं! एका उशीसाठी चाळीस मिनिटं फुकट घालवलीत तुम्ही!"

"गाडी ठीक नाही," मामा म्हणाला. "खाली चला."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की साहेबांनी वाद घातला नाही. पांढऱ्या शर्टानिशी ते जमिनीवर आडवे झाले आणि मामाच्या मागोमाग ट्रकखाली सरपटले. आता खिडकीतून नेहमी दिसायचे त्या दोन पायांशेजारी आणखी दोन पाय दिसू लागले, पॉलिश केलेले. मीही वाकून बघितलं.

मागच्या उजव्या चाकाजवळ मामाने खडूने फुली मारली होती. तिथे ब्रेकची नळी एका बोल्टला टेकली होती आणि प्रत्येक धक्क्याला घासत घासत वरचं रबर पार गेलं होतं. मामाने साहेबांचं बोट धरून तिथे टेकवलं.

"आतले दोरे लागतायत?"

"हो."

"तेवढेच उरलेत. आज गळत नाही. काटा हलत नाही. वरून तर दिसायचीही नाही. पण घाट उतरताना ब्रेक सारखा दाबावा लागतो आणि मागे एवढं वजन. तिथे फाटली असती."

पहिलवानाचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. तोही वाकून बघत होता. "अकरावं वळण," तो म्हणाला. "तिथे शाळा आहे. मी पोचतो तेव्हाच सुटते." एवढं बोलून तो केबिनच्या पायरीवर जाऊन बसला. मामा बाहेर आल्यावर पहिलवान उठून त्याच्याजवळ गेला. म्हणाला, "मामा, मी भरभर घ्या म्हणालो होतो."

"मला कमी ऐकू येतं," मामा म्हणाला. हवेचा धागाभर आवाज ऐकणारा माणूस हे म्हणाला.

मिस्त्रीने नवी नळी बसवली, बोल्टपासून लांब बांधली. मग मामाने तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि या वेळी ब्रेक पहिलवानाने दाबला. हे सगळं होईस्तोवर हॉटेलवाल्यांचा फोन आला. साहेबांनी माझ्याच टेबलावरून घेतला, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"माल कुठे आहे आमचा? परवा पाहुणे उतरणार आहेत इथे!"

"गाडी निघतेच आहे. हवेची गळती निघाली."

"कुठे?"

साहेब खिडकीकडे वळले. "मागच्या बाजूला," ते म्हणाले.

"अहो पण आम्ही करायचं काय तोवर?"

"थोडी कळ काढा," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मी पासावर काहीतरी लिहिण्याचा प्रयत्न करत होते. त्यांच्या ओठाचा कोपरा थरथरला, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच मिनिटसाहेब हसले. असे हसले की त्यांना भिंत धरावी लागली. खाली बसायची सोयच नव्हती.

नऊ नंबरची गाडी दोन तास उशिरा निघाली आणि संध्याकाळी पहिलवानाचा सुखरूप पोचल्याचा फोन आला. मामाने दुपारच्या सुट्टीत गादीची तोटी काढून सायकलच्या पंक्चरच्या सामानाने नीट बसवली, पाण्याच्या बादलीत बुडवून दोनदा बघितली आणि साहेबांच्या हातात देत म्हणाला, "आता वर्षभर काळजी नाही. रोज बसण्याआधी एकदा दाबून बघत जा."

दहा मिनिटांचा हुकूम परत कोणी काढला नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांनी भिंतीवर कागद लावला की टकटक मामांची सही झाल्याशिवाय स्वतः व्यवस्थापकांनी सांगितलं तरी गाडी सोडू नये. आणि मग ते मामाच्या मागे लागले. कंपनीचे आणखी सहा डेपो होते. तिथल्या ड्रायव्हरांना मामाने शिकवावं. मामाने चार वेळा नाही म्हटलं. पाचव्या वेळी साहेब मामीला भेटले. मामीने घरी येऊन मामाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

पहिला वर्ग आमच्याच डेपोत, गोदामावरच्या मोठ्या खोलीत. चाळीस ड्रायव्हर, फळा, माइक, साहेबांनी करून आणलेली चित्रं. मामा फळ्यासमोर उभा राहिला. खोकला. माइक ठोकून बघितला. वायर कुठवर जाते ते वाकून बघितलं. पुन्हा खोकला. "ब्रेक," तो म्हणाला, आणि पुढचं काही सुचेना. पुरती दोन मिनिटं गेली. चाळीस माणसं बघतायत, मामाच्या कपाळावर घाम, मी मागे बसून त्याच्यासाठी मनातल्या मनात वाक्यं रचतेय.

मामाने माइक टेबलावर ठेवला आणि तो सरळ दाराबाहेर चालू लागला. गेला, असं मला वाटलं. पण जिन्यावरून त्याचा आवाज आला, "अहो, बसलात काय? इथे वर कुठली गाडी आहे?"

चाळीसच्या चाळीस जण धडधडत खाली गेले. मी पोचले तोवर आवारात उभ्या चार ट्रकांखालून पायच पाय बाहेर आलेले, चपला, बूट, एक अनवाणी जोडी, आणि मधूनमधून मामाचा आवाज, मोकळा, न अडखळता, "इथे हात लाव. नाही, डोळ्यांनी नको, हाताने बघ." मिनिटसाहेब गळ्यातलं स्टॉपवॉच विसरून गुडघे टेकून खाली डोकावत होते.

दीड वाजला, दोन वाजले. जेवायला कोणी बाहेर येईना. शेवटी मी डबे उचलले आणि एकेक करून ट्रकखाली सरकवून दिले.